पाच मिनिटांची शीट चाळीस मिनिटं का घेऊन राहिली होती

नागपुरात बजाजनगरला आमचं प्लॉटिंगचं, म्हणजे मोठी ड्रॉइंग छापून द्यायचं दुकान आहे, तसं लहानच, एक ३६ इंची रंगीत प्लॉटर (मोठ्या कागदाचा प्रिंटर), दोन झेरॉक्स मशीन, लॅमिनेशन आणि काउंटरवर एक पीसी. बाकी वर्षभर आर्किटेक्ट आणि बिल्डर लोकांची काळ्या रेघांची ड्रॉइंग चालतात, पण एप्रिल-मे आला की आर्किटेक्चरचे पोट्टे-पोट्टी थिसिसच्या शीट घेऊन येतात, ए-झिरो (ए-फोरच्या सोळापट कागद), फुल कलर, रेंडर केलेलं आकाश, झाडं, माणसं, पूर्ण कागद शाईनं भरलेला. त्या दोन महिन्यांवर आमचं वर्षाचं गणित बसते, त्यामुळे नेमक्या त्याच दिवसांत मशीन बिघडणं म्हणजे काय ते ज्याचं दुकान आहे त्यालाच समजेल.

मागच्या मे महिन्यात एका मंगळवारी सकाळी पहिली शीट लावली आणि ती संपेचना. कोटेड (वर लेप दिलेल्या) कागदावर ए-झिरो आमच्याकडे नॉर्मल क्वालिटीत पाच-साडेपाच मिनिटांत निघते, इतक्या वर्षांत कानालाच त्याची सवय झाली आहे, मी पाठमोरा असलो तरी मशीनचा आवाज बदलला की लगेच लक्षात येते. त्या दिवशी माझा चहा पिऊन झाला, दोन ड्रॉइंगच्या घड्या घालून झाल्या, एका काकांना आधार कार्डाच्या झेरॉक्स काढून दिल्या, आणि वळून पाहतो तर शीट अजून अर्धीच. दुसरी घड्याळ लावून काढली. ३८ मिनिटं.

वर त्या शीटच्या आकाशात आडव्या गडद रेघा. निळ्या रंगात मधेच एक पट्टा, मग चार बोटं सोडून दुसरा, मग वीतभर काहीच नाही, मग लागोपाठ दोन. जिची शीट होती ती मुलगी समोरच उभी होती, "दादा, हे चालणार नाही ना, गुरुवारी सकाळी दहाला ज्युरी आहे" म्हणाली (ज्युरी म्हणजे परीक्षकांसमोर शीट मांडायच्या), आणि तिच्या अशा सात शीट होत्या, तिच्या मागे अजून चार जणांच्या.

रेघा दिसल्या की आमच्या धंद्यात पहिले हात कुठे जातो? हेड क्लीनिंगवर, म्हणजे शाई फवारणारं हेड साफ करण्यावर. मी पण तेच केलं. नोझल चेक (हेडची बारीक छिद्रं सुरू आहेत का ते दाखवणारा नमुना) काढला, सगळे रंग पूर्ण, एकही रेघ तुटलेली नाही, तरी म्हटलं असेल काहीतरी, आणि एकदा नाही, तीनदा क्लीनिंग मारलं, त्यातलं शेवटचं तर जोरदारवालं. क्लीनिंगमध्ये जाणारी शाई कागदावर जात नाही, मेंटेनन्स टाकीत जाते, म्हणजे सरळ वाया, आणि ती टाकी भरली की तीही बदलायची. नोझल चेक चांगला आला असताना क्लीनिंग मारायचं नसते हे मला माहीत होतं. समोर गिऱ्हाईक उभं असलं की माहीत असलेलं पण सुचत नाही.

इथे एक गोष्ट सांगतो जी मला त्या दिवशी सकाळीच दिसायला पाहिजे होती. नोझल बंद असलं तर रेघ पांढरी येते आणि ठरावीक अंतरावर येते, कारण तेच नोझल प्रत्येक फेरीत त्याच जागी चुकते. माझ्या रेघा गडद होत्या आणि अंतराचा काही मेळ नव्हता. अशी रेघ कधी येते, तर हेडची गाडी एक फेरी मारून कडेला जाऊन थांबते, तिथे आठ-दहा सेकंद उभी राहते, तेवढ्यात आधीची शाई वाळून जाते, आणि नंतरची फेरी वाळलेल्या शाईवर पडते म्हणून जोडावर पट्टा दिसतो. कागदावर सगळं लिहून होतं, मी वाचलं नाही.

दुपारी सर्व्हिसवाल्याला फोन लावला. त्यानं मशीन न पाहताच फोनवर सांगितलं की हेड जुने झाले, पूर्ण सेट बदला, आणि त्यानं नाही झालं तर मेनबोर्ड. आकडा ऐकून मी खालीच बसलो. यायला शुक्रवार म्हणाला, ज्युरी गुरुवारी.

मग दुकानातल्या पोट्ट्यानं वेगळाच मुद्दा काढला की दादा, कूलर लावल्यापासून कागद जरा मऊ लागून राहिला आहे, दमटपणामुळे शाई वाळत नसेल म्हणून मशीन थांबत असेल. हे ऐकायला अगदी पटण्यासारखं होतं. नागपुरात मे महिन्यात बाहेरची हवा कोरडी ठक्क असते, आणि आपण खिडकीत कूलर लावून ताट्यांमधून पाण्याची ओली हवा आत घेतो, खोलीतला दमटपणा एकदम वाढतो. आणि बऱ्याच प्लॉटरमध्ये वाळण्याचा वेळ खोलीतली हवा बघून मशीन स्वतःच कमी-जास्त करते हेही खरं आहे. म्हणून आम्ही कूलर बंद केला. बाहेर ४४ डिग्री, शटर अर्धं खाली, घामानं हात ओले म्हणून कागदाला हात लावायची भीती, आणि दीड तास तसे बसून एक शीट काढली. ३७ मिनिटं. कूलर परत सुरू केला.

यात माझं डोकं असं चालून राहिलं होतं की प्रत्येक वेळी दोन-तीन गोष्टी एकदम बदलायच्या. रेघा जाव्यात म्हणून ड्रायव्हरमध्ये क्वालिटी नॉर्मलवरून बेस्ट केली, गाडी जाता-येता दोन्ही बाजूंनी छापते ते बंद करून एकाच बाजूनं जाताना छापणं केलं, कोणीतरी सांगितलं म्हणून कागदाचा प्रकार कोटेडचा जड कोटेड केला, सी ड्राइव्हवर सहा जीबीच जागा उरली होती ती साफ केली, स्पूलच्या, म्हणजे छपाईच्या रांगेच्या फोल्डरमध्ये अडकलेल्या जुन्या फाइल उडवल्या, पीसी तीनदा रीस्टार्ट. लिहून एक पण ठेवलं नाही. हे नंतर महागात पडलं, ते पुढे येतेच.

संध्याकाळी बाबा आले. दुकान मूळचं त्यांचं आहे, तेव्हा अमोनिया प्रिंट काढायचे. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी, ट्रेसिंग पेपरवर काढलेलं ड्रॉइंग एका पिवळसर कागदावर ठेवून लाइटखालून न्यायचं, जिथे रेघ नाही तिथला मसाला उजेडानं मरून जातो, आणि मग अमोनियाची वाफ दिली की उरलेल्या रेघा निळ्या उठतात. डोळ्यांतून पाणी यायचं त्या वासानं, लहानपणी मी दुकानात पाच मिनिटं थांबू शकत नव्हतो. बाबा खुर्चीवर बसून वीस मिनिटं नुसते मशीनकडे पाहत होते, काही बोलले नाही. मग म्हणाले, "मशीन स्लो आहे हे तुला कोणी सांगितलं?"

मी म्हटलं बाबा, दिसून राहिलं आहे ना समोर.

"मला तर ते वाट पाहताना दिसून राहिलं आहे. चालते तेव्हा तर नेहमीसारखंच चालते, सर्रकन जाते. मग कडेला जाऊन उभं राहते. कोणाची तरी वाट पाहते."

मी पहिल्यांदा नीट पाहिलं. खरंच, गाडी जात होती ती नेहमीच्याच स्पीडनं. सर्र, सर्र, आणि मग डाव्या कडेला टक् करून थांबायची. सात सेकंद. सर्र. परत अकरा सेकंद. कधी चार फेऱ्या लागोपाठ व्हायच्या आणि मग चांगली अर्धा मिनिट झोप. सकाळपासून मी घड्याळाकडे पाहत होतो, काचेच्या आत पाहिलंच नव्हतं.

बाबांनी त्यांची जुनी पद्धत सांगितली. त्यांच्याकडे एक ट्रेसिंग कायम खिळ्याला लटकवलेलं असायचं, एका घराचा प्लॅन, ज्याचा प्रिंट चांगला येतो हे पक्कं माहीत होतं. प्रिंट खराब आला की पहिले तेच ट्रेसिंग मशीनमध्ये घालायचं. ते चांगलं आलं तर गिऱ्हाइकाच्या ट्रेसिंगमध्ये खोट. ते पण फिकं आलं तर अमोनिया कमी झाला, जमीन, म्हणजे रेघांमधली मोकळी जागा, निळी राहिली तर मशीन जास्त जोरात पळवलं. "एकेकाला वेगळं काढ," म्हणाले, "मशीनला एकटं सोड आणि बघ."

मशीनला एकटं सोडायचं म्हणजे काय, तर पीसी मधून काढून टाकायचा. आमच्या प्लॉटरला समोर पेन ड्राइव्हची जागा आहे, तिथून पीडीएफ आणि जेपीजी डायरेक्ट निघते. मी ती कधी वापरत नव्हतो, सगळं पीसीवरूनच जायचं. त्या मुलीचीच शीट पेन ड्राइव्हवर टाकली, मशीनच्या पॅनेलवर नॉर्मल निवडलं, बटण दाबलं. आधी एक-दीड मिनिट फाइल वाचत बसलं, मी श्वास धरून, आणि मग जे सुटलं ते शेवटपर्यंत थांबलंच नाही. छापायला पाच मिनिटं वीस सेकंद. आकाशात एक रेघ नाही.

म्हणजे हेड चांगले, मोटर चांगली, बोर्ड चांगला. सकाळपासून ज्याला दोष देत होतो त्याचा काही संबंधच नव्हता. खोट होती पीसी आणि मशीनच्या मधे कुठेतरी.

आता मला विचाराल तर हा सगळ्यात मोठा टप्पा होता आणि तो एका पेन ड्राइव्हनं झाला. ज्यांच्या प्लॉटरला पेन ड्राइव्हची जागा नाही त्यांनी पॅनेलमधून मशीनचं स्वतःचं टेस्ट पेज किंवा डेमो प्रिंट काढावा, तो मशीनच्या आतूनच येतो, त्याला पीसी लागत नाही. तो भराभर निघाला तर हेडच्या मागे लागू नका, वायर आणि पीसीच्या मागे लागा.

माझा मावसभाऊ सीसीटीव्ही आणि नेटवर्किंगचं काम करते, रात्री नऊला त्याला बोलावलं. आल्या आल्या त्यानं मशीनला हात पण लावला नाही, सरळ पीसीवर बसून नेटवर्कच्या सेटिंगमध्ये इथरनेटचं (वायरवाल्या नेटवर्कचं) स्टेटस उघडलं आणि स्क्रीनवर बोट ठेवलं. स्पीड, १० एमबीपीएस. "अबे, हे १ जीबीपीएस पाहिजे," म्हणाला, "तू बैलगाडीत पोते भरून विमानाला माल पाठवून राहिला."

आणि मग त्यानं हिशोब करून दाखवला तो मी जशाचा तसा देतो कारण माझे डोळे त्यानंच उघडले. ए-झिरो म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर. ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके धरून, त्याचे ठिपके होतात साधारण १९,८०० गुणिले २८,०००, म्हणजे ५५ कोटींच्या वर. एका ठिपक्याला लाल-हिरवा-निळा मिळून ३ बाइट धरले तर १६० कोटी बाइटच्या वर, दीड जीबीहून जास्त. १० मेगाबिटची लाइन म्हणजे सेकंदाला सव्वा मेगाबाइट, आठानं भागायचं. तेवढा माल जायला २२ मिनिटं लागणार, ते पण लाइन अगदी स्वच्छ असेल तर. १ गिगाबिटवर तोच माल कागदावरच्या हिशोबानं १३-१४ सेकंदात. प्रत्यक्षात ड्रायव्हर फाइल दाबून लहान करते म्हणून एवढा कच्चा डेटा दर वेळी जात नाही, पण फोटो आणि रेंडर भरलेली शीट जास्त दबत नाही, आणि आमच्या लाइनवर तर पॅकेट (डेटाचे तुकडे) खराब होऊन परत परत पाठवले जात होते.

यातूनच अजून एक कोडं सुटलं. मागच्या आठ-दहा दिवसांत आर्किटेक्ट लोकांची ड्रॉइंग तर नीट निघत होती, मग हे अचानक कसं? तर काळ्या रेघांच्या ड्रॉइंगची फाइल एक-दोन एमबीची, ती १० च्या लाइनवर पण दोन सेकंदात जाते. लाइन कधीची खराब होती, मोठा माल आला त्या दिवशी उघडी पडली. आणि मधे व्हॉट्सॲपवरून फाइल उतरायला वेळ लागून राहिला होता तेव्हा आम्ही नेटवाल्याच्या नावानं ओरडून मोकळे झालो होतो.

मग वायर शोधत निघालो. पीसीपासून वायर भिंतीच्या कडेनं खिडकीपर्यंत जाते आणि तिथून वर स्विचच्या डब्यात, जिथे पीसी, प्लॉटर आणि नेट एकमेकांना जोडले जातात. खिडकीत कूलर. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कूलर बसवला तेव्हा स्टँडला जागा पाहिजे म्हणून मीच वायर मागे सरकवली होती, आणि वायर कमी पडली म्हणून आधीच तिला मधे एक कपलर टाकून जोड दिलेला होता. तो कपलर कूलरच्या मागे, खिडकीच्या कट्ट्यावर पडलेला. भावानं मोबाइलचा टॉर्च मारला. ताटीच्या खालच्या कोपऱ्यातून थेंब थेंब पाणी वायरवर पडत होतं आणि वायरवरूनच ओघळत सरळ कपलरमध्ये जात होतं. त्यानं वायर उपटून पिन माझ्या डोळ्यांसमोर धरली. आठ पिना असतात, सोनेरी, एकसारख्या. यातल्या तीनवर हिरवा थर चढला होता, जुन्या तांब्याच्या भांड्यावर चढते तसा, आणि बाजूनं पाण्याची पांढरी खार. नखानं खरवडलं तर हिरवी भुकटी पडली आणि खाली पिन काळी.

त्यानं समजावलं ते असं की १ गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० ला चारच, आणि त्यातही सिग्नल कमजोर झाला की दोन्हीकडची मशीनं आपसात ठरवून अजून खाली उतरतात, लाइन तोडत नाहीत. म्हणून आम्हाला कधी एरर आलीच नाही. एरर आली असती तर पहिल्याच दिवशी वायर पाहिली असती.

म्हणजे कूलरचाच हात होता, पोट्टा अर्धा बरोबर होता. फक्त दमट हवेनं नाही, थेंबानं.

रात्री साडेनऊला बर्डीच्या बाजारात जाऊन नवीन वायर आणायचा प्रश्नच नव्हता, भावाच्या गाडीत कॅट सिक्स नेटवर्क वायरचा गुंडाळा होता त्यातली पंधरा मीटर काढली, दोन्ही टोकांना नवीन जॅक दाबले, मधे जोड नाही, आणि खिडकीपासून लांब, दरवाज्याच्या चौकटीवरून नेली. डब्यात शिरायच्या आधी वायरीला मुद्दाम खाली पोट सोडलं, म्हणजे कधी पाणी आलंच तर त्या पोटावरून खाली टपकेल, डब्यात चढणार नाही. स्टेटस उघडलं, १ जीबीपीएस. मी त्याला मिठी मारायचाच बाकी होतो. तो जेवायला घरी गेला, मी शीट लावली.

१४ मिनिटं.

माझ्या पोटात गोळा आला. बाबा म्हणाले आता चिडू नको, परत बघ. पाहिलं तर यावेळी गाडी कुठेच थांबत नव्हती. एकसारखी चालत होती, पण जाताना छापायची आणि येताना रिकामी यायची, आणि कागद दर वेळी अगदी केसभर सरकत होता. वाट पाहणं संपलं होतं, आता मशीन सांगितलेलं कामच हळू करून राहिलं होतं. आणि सांगितलं कोणी होतं? दुपारी मीच. बेस्ट क्वालिटी, एकाच बाजूनं छपाई, जड कोटेड कागद, तिन्ही गोष्टी ड्रायव्हरमध्ये तशाच पडून. बेस्टला तीच जागा जास्त फेऱ्यांमध्ये भरली जाते, एका बाजूनं छापलं तर वेळ जवळपास दुप्पट, आणि जड कागदाला शाई जास्त आणि वाळायला वेळ जास्त. पेन ड्राइव्हवरून काढली तेव्हा हे लागू झालं नाही कारण तिथे मशीनच्या पॅनेलची सेटिंग चालते, पीसीच्या ड्रायव्हरची नाही. एकेक करून सगळं मूळ जागी आणलं, यावेळी पोट्ट्याला शेजारी बसवून वहीत लिहून घेतलं की काय होतं आणि काय केलं.

पुढची शीट पाच मिनिटं पंधरा सेकंद.

त्या रात्री दीड वाजेपर्यंत मशीन चालू होतं. मुलगी तिच्या वडिलांसोबत थांबून होती, शेजारच्या टपरीवाल्यानं बंद करता करता आम्हाला शेवटचा चहा दिला. सातही शीट रोल करून ट्यूबमध्ये घातल्या, सकाळी खराब झालेल्या दोन शीटचे पैसे मी घेतले नाहीत. बाकीच्या चौघांच्या बुधवारी निघाल्या. शुक्रवारी सर्व्हिसवाल्याचा फोन आला, म्हटलं राहू द्या साहेब.

आता आमच्या डेस्कटॉपवर एक फाइल ठेवली आहे, त्याच मुलीची आकाशवाली शीट, तिला विचारून ठेवली. दर सोमवारी दुकान उघडलं की ती फाइल ए-थ्रीएवढी लहान करून एकदा पीसीवरून आणि एकदा पेन ड्राइव्हवरून काढतो आणि दोन्हींना लागलेला वेळ वहीत लिहितो. दोन्ही जवळपास सारखे असले तर ठीक. पीसीचा वेळ वाढला आणि पेन ड्राइव्हचा तोच असला तर वायर, स्विच, पीसी. दोन्ही वाढले तरच मशीन. बाबांनी वही चाळली आणि माळ्यावरून त्यांचं ते घराच्या प्लॅनचं ट्रेसिंग काढून आणलं, कडा पिवळ्या पडल्या आहेत, वरच्या कोपऱ्यात खिळ्याचं भोक आहे. ते आता प्लॉटरच्या वर लावलं आहे.